चोवीस दाण्यांचा हिशेब

अमरावतीहून नागपूर रस्त्याला लागले की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येते. सकाळी इथे बायांचे दोन घोळके दिसतात. एक एमआयडीसीतल्या कापड कारखान्यांच्या पाळीला निघालेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुलींचा. दुसरा कमरेला विळा खोचून निंदायला वावराकडे निघालेल्या बायांचा. कापूस वेचण्यापासून त्याचे कापड होईपर्यंत वऱ्हाडातल्या बाईचा हात त्याला लागलेला असतो. सातबाऱ्यावर किंवा कापूस विकल्याच्या पावतीवर मात्र तिचे नाव क्वचितच सापडते.

हे नाव का सापडत नाही याचा शोध घेणाऱ्या आणि ते लिहून घ्यायला शिकवणाऱ्या माणसांविषयी हा लेख आहे. त्यांत प्राध्यापिका आहेत, वस्तीवस्तीत फिरून बचत गटांना शिकवणाऱ्या सहयोगिनी आहेत, पोलीस ठाण्यात बसणाऱ्या समुपदेशक आहेत. स्त्री-पुरुष समतेचे काम म्हटले की आपल्याला मोर्चा आठवतो. पण मोर्चाच्या आधी कोणीतरी मोजलेले असते, आणि मोर्चानंतर कोणीतरी शिकवत राहिलेले असते.

या शोधाची एक मुळी वऱ्हाडातच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ज्या दोषांसाठी बाईला बोल लावतात, ते पुरुषात नाहीत काय, हे त्यांनी एकेक दोष घेऊन तपासले. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा कायदा आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांबरोबर गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि दुखापतीची भरपाई मिळावी, असे ठराव तिथे झाले. नांदगाव पेठेत पाळीला जाणाऱ्या मुलींच्या रजेचा विचार अमरावतीच्या एका बाईच्या अध्यक्षतेखाली इतक्या आधी झाला होता. हा वारसा आपण त्या मुलींपर्यंत पोचवलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर या कामाला संस्थांचे बळ मिळाले ते सत्तरच्या दशकात. देशातील स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल १९७४ साली आला आणि विकासाची फळे बायांच्या पदरात पडली नाहीत, हे सरकारी कागदावरच आले. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे राहिले. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७ चे. तिथे विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी जातीला बाजूला ठेवून बाईचा प्रश्न समजत नाही, हे अभ्यासक्रमातच आणले. दलित चळवळीतल्या बायांच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा करणाऱ्या ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून विद्यापीठाच्या नोकरीत नव्हत्या, तरी त्यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे अस्सल संशोधन आहे.

आता हे काम जवळून पाहू. नांदगाव पेठेच्या पलीकडच्या एका गावात, समाजमंदिराच्या फरशीवर, मी बचत गटाचे एक प्रशिक्षण बघितले. सहयोगिनीने प्रत्येकीच्या ओंजळीत तुरीचे चोवीस दाणे दिले. एक दाणा म्हणजे एक तास. कागदावर रकाने होते: झोप, पाणी, चूल, लेकरं, वावर, मजुरी, आराम. सुरुवातीला एक बाई म्हणाली, “मी कायी करत नाही जी, घरीच रायतो.” पण तिचे दाणे चूल, पाणी आणि वावर यांतच संपत आले. आरामाच्या रकान्यात ठेवायला हातात काही उरले नाही, तेव्हा तिने झोपेतला एक दाणा उचलून तिथे ठेवला, थोडा वेळ बघितला आणि परत झोपेत नेऊन ठेवला. मग सहयोगिनीने नवऱ्याचे दाणे मांडायला सांगितले. कोणी काही बोलले नाही, सगळ्या कागदाकडेच बघत होत्या. उठताना तीच बाई म्हणाली, “या कागदाचं पुढं काय होते जी?”

देशाने हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोलाच्या घरकामात जातात, असे दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची मिनिटे ९७ होती.

चांगली मोजणी झाकलेले उघड करते. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्या आधी बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच आपल्याकडे समजूत होती. ‘महिला किसान अधिकार मंच’ने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांतल्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेती सांभाळणाऱ्या ५०५ महिलांची पाहणी केली. चाळीस टक्के जणींना कसत्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. पाहणी करणाऱ्या बायांनी ती कपाटात ठेवली नाही. त्या महिलांना सोबत घेऊन त्या मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. जून २०१९ मध्ये राज्य सरकारने अशा महिलांच्या हक्कांसाठी शासन निर्णय काढला. संशोधन, प्रशिक्षण आणि मागणी एका माळेत ओवली की असे घडते.

कारखान्याच्या फाटकाआतली गोष्टही अशीच आहे. राजस्थानात सरकारी कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला, आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. पण ही समिती नोटीस बोर्डावरच्या नावांपुरती राहिली, तर पाळीवरच्या मुलीला तिचा काय उपयोग? तिथे शिकवणारे माणूस लागते.

शिकायचे फक्त बायांनीच नाही. मुंबईची ‘मावा’ ही संघटना १९९३ पासून तरुण मुलांशी पुरुषपणाविषयी बोलते आहे, त्याच विषयाला वाहिलेला दिवाळी अंकही काढते. वऱ्हाडाला याची गरज आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे अमरावती जिल्ह्यात ९३५ मुली होत्या. ताराबाईंच्या बुलढाण्यात ८५५.

हे सारे काम उचलणाऱ्या सहयोगिनी तुटपुंज्या मानधनावर राबतात. समता शिकवणारीच्या श्रमाला पुरता दाम नाही, हे आपल्याला लाजवणारे आहे. आणि दाणे मांडणाऱ्या त्या बाईचा, कागदाचे पुढे काय होते हा प्रश्न अजून उभाच आहे. उत्तर सोपे आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. दाण्यांचा तो कागद तिथे मांडा. पाण्याचा नळ कुठे आणायचा, पाळणाघर कुठे काढायचे, घरपट्टीवर बाईचे नाव कधी चढवायचे, हे त्याच्यावरून ठरवा. अभ्यासकांनी मोजलेले त्या सभेपर्यंत पोचले, तर पुढच्या वर्षी आरामाच्या रकान्यात एक तरी दाणा टिकेल.