बाराव्या खेळाडूचा फोटो

३ डिसेंबर २००१ रोजी मोहालीत भारत-इंग्लंड कसोटी सुरू झाली तेव्हा भारताच्या संघात तीन खेळाडू पहिलीच कसोटी खेळत होते. एक केरळचा टिनू योहानन. उरलेले दोघे मराठवाड्यात जन्मलेले: बीडचा संजय बांगर आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी. भारताने ती कसोटी दहा गडी राखून जिंकली. शेवटच्या डावात अवघ्या ५ धावा हव्या होत्या आणि वेगवान गोलंदाज म्हणून संघात आलेला सिद्दिकी चक्क सलामीला उतरला. पुढे त्याला कसोटी मिळाली नाही, तेवढी एकच. बांगर मात्र टिकला. पुढच्या वर्षी हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला जाऊन त्याने ६८ धावा केल्या, द्रविडबरोबर १७० धावांची भागी रचली आणि भारताने ती कसोटी डावाने जिंकली. लोकांना त्या कसोटीतली द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांची शतकं आठवतात. ती शतकं ज्या पायावर उभी राहिली, तो पाया बीडमध्ये जन्मलेल्या माणसाने घातला होता.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याचा घाट येण्याआधी पाली लागते. बिंदुसरेचं धरण इथेच. या गावातल्या क्रिकेटवेड्या घरात खेळाडूंच्या फोटोंचा जुना पत्र्याचा डबा उघडला तर त्यात सचिन निघेल, कपिल निघेल, गावसकर निघेल. बांगर निघणार नाही, सिद्दिकी तर नाहीच. असं का व्हावं, हे शोधत गेलं की हा पोरखेळ वाटणारा विषय बराच खोल जातो.

खेळाडूंची कार्डं मुळात तंबाखूच्या धंद्यातून आली. एकोणिसाव्या शतकात सिगारेटची पाकिटं पातळ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चेंगरू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा येतं, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आलं. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची ५० चित्रांची मालिका काढली. त्याच वर्षी रणजितसिंहजी इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळले आणि त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. पुढे तंबाखूच्या कार्डांवर त्यांचंही चित्र आलं.

अमेरिकेत हीच गोष्ट बेसबॉलच्या बाबतीत घडली. १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून आलेलं होनस वॅग्नरचं कार्ड आज दंतकथा झालं आहे. त्याची जेमतेम साठेक कार्डं शिल्लक असावीत असं मानतात. छपाई मध्येच का थांबली, याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की पोरांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे वॅग्नरला पटलं नाही. दुसरं असं की पैशांवरून बिनसलं. २०२२ मध्ये त्यातलं एक कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरना गेलं. त्याच वर्षी टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मँटलचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना. गंमत म्हणजे त्या मालिकेतली उशिरा छापलेली कार्डं खपलीच नव्हती. गोदामात जागा अडली म्हणून ती मालिका घडवणाऱ्या साय बर्गरने १९६० मध्ये उरलेली खोकी तराफ्यावर घालून अटलांटिक समुद्रात बुडवली.

पैशांच्या या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण संघावर जीव टाकणाऱ्या माणसाशी त्यांचा फारसा संबंध नाही. त्याची गोष्ट त्याच १९५२ च्या मालिकेत आहे. ती ४०७ कार्डांची होती. त्यात पहिल्या क्रमांकाचं कार्ड होतं ब्रुकलिन डॉजर्सच्या अँडी पाफ्कोचं. चांगला खेळाडू, पण मँटलच्या तोडीचा नव्हे. तरीही पाफ्कोचं धडक्या कोपऱ्यांचं कार्ड मिळणं महाकठीण, कारण पोरं कार्डं क्रमाने लावून गठ्ठ्याला रबरबँड घालत. पहिला क्रमांक वरच राही आणि रबर त्यालाच कापे. पाफ्कोची झिजलेली कार्डंच सांगतात की पोरांनी संच क्रमाने जपले होते, त्यातला नावाजलेला तेवढा वेचून बाकीचे फेकले नव्हते. ब्रुकलिनच्या पोराला आपला संघ पुरा हवा होता: राखीव यष्टिरक्षक, मोसमात चार सामने खेळलेला गोलंदाज, सगळे. संच अपुरा राहिला की त्याला रुखरुख लागे आणि ती भागवायला तो दुसऱ्या गल्लीत जाऊन देवघेव करी.

आपल्याकडे नेमकं हेच झालं नाही.

मराठी मुलांना जमवण्याचं वेड नवं नव्हतं. काड्यापेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटं गोळा करून त्यांवर डाव लावणाऱ्या दोन-तीन पिढ्या झाल्या. क्रिकेटचे फोटो हाती आले ते बबलगममधून. १९८७ च्या रिलायन्स विश्वचषकाच्या आगेमागे 'बिग फन' गमबरोबर खेळाडूंचे छोटे फोटो निघत. त्यांवर धावा आणि बळी छापलेले असत. ठरावीक बेरीज झाली की बक्षीस. शीतपेयाच्या बुचांच्या बदल्यात छोट्या पुस्तिका मिळत. पानं अंगठ्याखालून भराभर सोडली की फलंदाज हातात फटका मारून दाखवी. १९९९ मध्ये ब्रिटानियाने 'खाओ, वर्ल्ड कप जाओ' म्हणत बिस्किटाच्या वेष्टनांवर धावा छापल्या आणि घराघरांतल्या आयांनी पोरांसाठी रिकामे कागद पिठाच्या डब्याखाली जपून ठेवले.

या सगळ्या योजनांत दोन दोष होते, आणि आपल्या क्रिकेट-आठवणीचं झालेलं नुकसान त्यांतूनच आलं, असं माझं ठाम मत आहे. पहिला दोष हा की बक्षीस मिळवायला फोटो किंवा कागद परत द्यावा लागे. जमवलेलं दुकानदाराच्या हाती जाई आणि संग्रह मोडे. दुसरा दोष अधिक खोल. कंपनीला माल खपवायचा होता, त्यामुळे फोटो निवडले गेले ते चमकत्या ताऱ्यांचे. बारावा खेळाडू कोण, राखीव फिरकी गोलंदाज कोण, रणजीत वर्षानुवर्षं धावा करूनही वर न गेलेला कोण, याच्याशी गम विकणाऱ्याला काय देणंघेणं! मी पाहिलेल्या एकाही जुन्या संग्रहात महाराष्ट्राच्या रणजी संघाचा संच नाही. दि. ब. देवधरांच्या हाताखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असं सलग दोनदा रणजी करंडक जिंकणारा हा संघ. डिसेंबर १९४८ मध्ये याच संघाच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा विक्रम ९ धावांवर आला असताना प्रतिस्पर्ध्यांनी खेळ सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. अशा माणसासाठीच कार्ड असायला हवं होतं. (मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते, आपल्याकडे ही बातमी किती जणांपर्यंत पोचली असेल!)

कार्ड नव्हतं म्हणून वेड थांबलं नाही. पालीसारख्या गावात ते कात्रणवहीत उतरलं. बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकून खेळाडू डोळ्यांपुढे उभा राही, पण त्याचा चेहरा पाहायचा तर वर्तमानपत्राची वाट बघावी लागे. १९८२ मध्ये 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ती सुरू झाली आणि शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावरचे फोटो जिल्ह्यात रोज येऊ लागले. संदीप पाटील यांच्या संपादनाखालचं 'एकच षटकार' हे क्रिकेटचं नियतकालिक बीडच्या एसटी स्टँडवर मिळे. जुन्या वहीच्या पानांवर गव्हाच्या पिठाच्या खळीने फोटो चिकटवायचे, खाली शाईच्या पेनने सामना, तारीख आणि धावसंख्या लिहायची. अमेरिकन कार्डाच्या पाठीवर कंपनी जी आकडेवारी छापे, ती इथे पोराने स्वतःच्या हाताने लिहिली. संघाचा खरा चाहता या वह्यांत भेटतो. त्याने रॉजर बिन्नीचं अर्ध्या बोटाएवढं चित्रसुद्धा टाकलेलं नसतं, कारण १९८३ च्या विश्वचषकात सर्वाधिक १८ बळी त्याचे होते.

देवघेवीचे कायदे मात्र गमच्या फोटोंनी आणि नंतरच्या ट्रम्प कार्डांनी घालून दिले. 'डबल' असेल तरच बदलायचा. सचिनसाठी तीन साधे. फाटका असेल तर दोनाला एक. एकदा दिलेला परत मागायचा नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि दिवाळीच्या सुट्टीत हा बाजार भरे, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांतली पोरं आपले फोटो बरोबर घेऊन कारखान्याच्या तळावर जात. तिथे केज, पाटोदा, शिरूरकडची पोरं भेटत आणि आपल्या गावात कधीच न निघालेला फोटो बदलून मिळे. ज्या मुलाची शाळा पाच-सहा महिने सुटे, त्याला सरासरी आणि दशांश चिन्ह या फोटोंच्या पाठीवरून कळलेलं असे. याची नोंद कुठल्याही शैक्षणिक अहवालात नसेल, पण ती शिकवणी खरी होती.

ट्रम्प कार्डांच्या खेळात एक न्याय दडलेला होता. दोघांनी गठ्ठ्यातलं वरचं पान उचलायचं, एकाने सामने, धावा, बळी, झेल यांपैकी एक रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही पानं घ्यायची. इथे धावांत मागे असलेला यष्टिरक्षक झेलांच्या रकान्यात भल्याभल्यांना खाई. ज्याचं पोस्टर कोणी लावलं नाही, त्याची किंमत या खेळाने पोरांना शिकवली.

संघागणिक पुरे संच आपल्याकडे आयपीएलबरोबर आले. टॉप्सने 'क्रिकेट अटॅक्स' ही कार्डं भारतात आणली आणि पहिल्यांदाच मुंबईचा किंवा चेन्नईचा चाहता आपला संघ ओळीने अल्बममध्ये लावू लागला. मग २०२१-२२ च्या सुमारास मोबाईलमधल्या डिजिटल कार्डांची लाट आली. ती पैशांच्या आशेवर उभी होती आणि आशा सरताच ओसरली. हातात न येणाऱ्या कार्डाचा कोपरा झिजत नाही, आणि ज्याचा कोपरा झिजत नाही ते कोणाच्या बालपणातून गेलं हे कळत नाही.

बीडला आता पुन्हा एक नाव मिळालं आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत गेले होते. बीडचा सचिन धस तिथून ९६ धावा करून गेला. कर्णधार उदय सहारनबरोबर त्याने १७१ धावांची भागी केली आणि भारत दोन गडी राखून अंतिम फेरीत पोचला. वडिलांनी त्याचं नाव तेंडुलकरवरून ठेवलं आहे. पालीतली पोरं आज त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतात. फोन बदलला की फोटो जातो.

मराठवाड्याला नावाने आपला म्हणता येईल असा संघही २०२३ मध्ये मिळाला: महाराष्ट्र प्रीमियर लीगमधला छत्रपती संभाजी किंग्ज. पैठणचा अंकित बावणे रणजीत वर्षानुवर्षं महाराष्ट्राचा डाव सावरत आला, भारताची टोपी त्याला मिळाली नाही. असे खेळाडू या भागातल्या प्रत्येक संघात आहेत. मुलींचं तर विचारूच नका. मी पाहिलेल्या गमच्या फोटोंत एकही बाई नव्हती, आणि आज सांगलीत वाढलेली स्मृती मानधना व सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे यांच्यासाठी जीव टाकणाऱ्या मुली गावोगाव आहेत.

म्हणून महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला आणि लीगमधल्या सगळ्या संघमालकांना माझी कळकळीची विनंती आहे. दरवर्षी प्रत्येक संघाचा पुरा संच छापा, पुरुषांचा आणि महिलांचा. राखीव खेळाडूसुद्धा त्यात घ्या. मागे जन्मगाव लिहा, तालुका लिहा, पहिला क्लब लिहा. पाच-दहा रुपयांत ते पाकीट पालीच्या किराणा दुकानात मिळू द्या. पुण्यात रोहन पाटे यांनी उभारलेलं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' संग्रहालय बॅटी आणि टोप्यांनी भरलेलं आहे. अशा जागी पोरांच्या हातून गेलेल्या या कागदांसाठीही एक कपाट असावं.

आणि वाचकहो, या दिवाळीत घर आवरताना माळ्यावरचा डबा फेकू नका. फोटोंच्या गठ्ठ्याला रबरबँड असेल तर काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही करू नका. खळीने चिकटवलेल्या वहीला कसर लागते, ती कोरड्या जागी वेगळी ठेवा. फोटो साध्या कागदी पाकिटांत घाला आणि पाकिटावर पेन्सिलीने साल, गाव, कशातून निघाला आणि कोणाकडून बदलून घेतला ते लिहा. त्यात कुठे संजय बांगर किंवा इक्बाल सिद्दिकी सापडला, तर जिल्ह्यातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयात त्याची नोंद जरूर करून ठेवा.