दक्षिणेकडे कलणारं झाड

2025 च्या 25 डिसेंबरला, गुरुवारी, नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. धावपट्टी, मेट्रो, नामकरण या सगळ्यावर भरपूर छापून आलं. याच शहरातल्या सीवूड्समधल्या घरांत मात्र तेव्हा वेगळंच बोलणं चालू होतं. सुरुवातीची उड्डाणं देशांतर्गत होती, म्हणजे दुबई-टोरांटोची लेकरं त्या वर्षीही मुंबईच्या जुन्याच विमानतळावर उतरणार होती. कोचीन-गोव्याची माणसं तरी खाडीपलीकडे उलव्यातल्या नव्या विमानतळावर उतरतील, एवढ्यावर समाधान होतं.

सिडकोने सीवूड्समध्ये अनिवासी भारतीयांसाठी एनआरआय कॉम्प्लेक्स उभारलं, तेव्हापासून इथे कुणी ना कुणी परदेशातून परत येतच असतं. थंड देशात वाढलेली मुलं पहिल्या डिसेंबरात हमखास विचारतात, बर्फ नाही तर नाताळ कसा? स्टेशनला लागून असलेल्या मॉलमध्ये या प्रश्नाचं उत्तर प्लास्टिकच्या झाडावर कापूस पसरून दिलं जातं. बाहेर पारा तिशीच्या आसपास असतो. मला हे उत्तर मुळीच पटत नाही, कारण उष्ण मुलखातल्या नाताळकडे त्याहून फार चांगली उत्तरं आहेत आणि ती जुनी आहेत.

विल्टशरमध्ये जन्मलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, इथेच राहिला. येशूच्या जन्माची कथा त्याने मराठी ओवीत बांधली. ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. मायदेशाच्या आठवणीने झुरणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं नसतं. सजवलेलं झाड तर त्याच्या ओळखीचंही नसावं. ती जर्मन प्रथा. 1848 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि मग ती इंग्लंडमध्ये घरोघरी पसरली. ज्याला आपण अस्सल विलायती मानतो, तेही तिथे बाहेरूनच आलेलं.

केकचंही तसंच. सीवूड्स-नेरूळच्या मल्याळी बेकऱ्यांत नाताळात जो प्लम केक रांगेने ठेवलेला दिसतो, त्याचं मूळ केरळातल्या थलश्शेरीत सांगतात. 1883 मध्ये मर्डोक ब्राऊन या दालचिनीच्या मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यापुढे ठेवला आणि म्हणाला, असाच कर. ब्रँडीऐवजी बापूंनी काजूबोंडं आणि केळ्यांपासून काढलेली गावठी दारू वापरली, अशी कथा आहे. ब्राऊनला तो केक आवडला, हे तिथे आजही अभिमानाने सांगतात.

आता माझा लाडका मुद्दा, झाडाचा. कोकण-गोव्यात अनेक घरी सुरूची फांदी सजवतात. ती छानच दिसते. पण इथल्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे रोप कुंडीत मिळतं, ते अरौकारिया. एका उंचीवर चार-सहा फांद्या चहूबाजूंना आडव्या, वर थोडी मोकळी जागा, मग पुन्हा फांद्या, असं ते मजल्यामजल्याने चढतं. यातली एक जात नॉरफोक बेटावरची आणि दुसरी न्यू कॅलेडोनियाची, जिला कुक पाइन म्हणतात. लहानपणी दोघींतला फरक कळत नाही, त्यामुळे विकणारेही गफलत करतात. दोन्ही दक्षिण पॅसिफिकच्या. कुक पाइनला तर बर्फ ठाऊकच नाही.

या कुक पाइनची एक विलक्षण गोष्ट 2017 मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात आली. कॅलिफोर्नियातले वनस्पतिशास्त्रज्ञ मॅट रिटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खंडांतली अडीचशेहून अधिक झाडं मोजली. उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेकडे कललेली आणि दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे. म्हणजे जिथे लावाल तिथून विषुववृत्ताकडेच! सरासरी कल साडेआठ अंशांचा, पिसाच्या मनोऱ्याच्या दुपटीहून जास्त. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका कल वाढतो. कारण अजून सिद्ध झालेलं नाही, उन्हाच्या दिशेशी त्याचा संबंध असावा असा अंदाज आहे. परक्या मातीत रुजलेल्या झाडाबद्दल इतकं सुंदर काही मी वाचलेलं नाही.

एनआरआय कॉम्प्लेक्समधल्या ओळखीच्या घरी परवा असंच एक रोप पाहिलं. त्याच्या पायाशी येशूजन्माच्या गोठ्याची जागा आणि खिडकीत ताटलीभर नाचणी उगवलेली. मूळच्या वसईच्या आजींनी गोठ्यातल्या गवतासाठी ती पेरली होती. शेजारच्या काकू वाकून म्हणाल्या, “अगं, आमच्या घटाचं धान असंच उगवतं.” टोरांटोहून आलेली नात दिवसातून दहादा त्यावर पाणी शिंपडत होती. आजी ओरडल्या, “पुरे गं, कुजेल ते!” त्या मुलीने बर्फाचं नावही काढलं नाही.

म्हणून सांगतो, यंदा प्लास्टिकचं झाड घेऊ नका. कुंडीतलं घ्या. भरपूर उजेड द्या, पण दुपारचं कडक ऊन टाळा, पाणी साचू देऊ नका. शेंडा मात्र कापू नका, एकदा गेला की झाडाचा डौल परत येत नाही. आणि सहा जानेवारीला, तीन राजांचा सण झाला की, सोसायटीच्या भिंतीलगत ते लावून मोकळे होऊ नका. जमिनीत ते पाच-सहा मजल्यांच्या वर जातं. मोठं मैदान असेल तरच लावा, नाहीतर कुंडी बदलून पुढच्या डिसेंबरसाठी गॅलरीत राहू द्या.