घरातील जड पाणी: उपाय करा, पण परसबाग सांभाळा

तुरीची डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी दाताखाली लागते, अंगाच्या साबणाला फेस येत नाही, बादल्यांवर पांढरे डाग पडतात आणि हीटरची कॉइल वारंवार जळते. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या अनेक घरांत ही तक्रार असते. त्यावर उपाय आहेत. मात्र घरासाठी केलेला उपाय परसबागेच्या मुळावर येऊ शकतो, म्हणून आधी आपले पाणी समजून घ्या.

पाणी जड कशामुळे होते?

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे. आपल्याकडील काळ्या पाषाणातील भूजलात ही दोन्ही मूलद्रव्ये बहुतेक वेळा बायकार्बोनेटच्या रूपात असतात. हा तात्पुरता जडपणा. पाणी उकळले की तो बराचसा खाली बसतो. सल्फेट व क्लोराईडच्या रूपातील जडपणा कायमचा असतो, तो उकळून जात नाही. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही.

अहवाल असा वाचा

बोअर १०-१५ मिनिटे चालवा. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा आणि शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत द्या. सिंचनाच्या पाण्याच्या अहवालात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेले असते. दोन्हींची बेरीज करून ५० ने गुणा.

उदाहरणार्थ, कॅल्शियम ४ आणि मॅग्नेशियम ५ असेल तर ९ × ५० = ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर जडपणा. बायकार्बोनेट ६ असेल तर त्यातील ३०० तात्पुरता आणि १५० कायमचा.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे वरील पाणी त्रासदायक आहे, पण केवळ जडपणामुळे पिण्यास अयोग्य ठरत नाही. नायट्रेट, फ्लोराईड व जिवाणूंची तपासणी मात्र वेगळी करून घ्या.

कमी खर्चाचे उपाय

- डाळीसाठी पाणी आधी उकळा, थंड होऊ द्या आणि तळाचा गाळ न हलवता वरचे पाणी घ्या. कॅल्शियमचा बराच भाग खाली बसतो, मॅग्नेशियमचा काही भाग पाण्यात राहतो.
- डाळ रात्री भिजत घाला. खाण्याचा सोडा चिमूटभरच वापरा. जास्त सोड्याने बी-१ जीवनसत्त्व कमी होते.
- भांड्यातील पांढरा थर लिंबूसत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या कोमट पाण्याने निघतो.
- हीटरचे तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा. पाणी जितके गरम, तितका थर जास्त.
- पत्र्यावरचे पावसाचे पाणी पहिला पाऊस सोडून साठवा. धुण्यासाठी ते उत्तम.

सॉफ्टनर घेताना सावध

मिठावर चालणारे सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेते आणि त्याजागी सोडियम सोडते. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. वरील उदाहरणात ते २०७ मिलिग्रॅम होईल.

आता हेच पाणी पिकाच्या नजरेने पाहा. मूळ पाण्यात बायकार्बोनेट ६ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम ९, म्हणजे अवशिष्ट सोडियम कार्बोनेट शून्य. त्या दृष्टीने पाणी ओलितास योग्य. सॉफ्टनरनंतर कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास संपते आणि हाच आकडा ६ वर जातो. २.५ च्या वर पाणी ओलितास अयोग्य मानतात. असे पाणी काळ्या जमिनीला सतत दिले तर मातीचे कण विखुरतात, वर पापडी धरते, पाणी मुरत नाही आणि कढीपत्ता, लिंबू यांची पाने करपू लागतात. घरात पाणी सुधारले आणि दारातील माती बिघडली, असे होते.

म्हणून सॉफ्टनर टाकीच्या मुख्य लाइनवर बसवू नका. फक्त हीटर व वॉशिंग मशीनच्या लाइनवर बसवा. स्वयंपाकघर व परसबागेचा नळ त्याआधीच वेगळा काढा. रक्तदाबामुळे मीठ कमी खाणाऱ्यांसाठीही हे आवश्यक आहे. सॉफ्टनर धुतल्यावर निघणारे खारे पाणी झाडांच्या आळ्यात किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका. गटाराची सोय नसेल तर सॉफ्टनर न घेतलेलाच बरा. आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला व संडासात वापरा.

परसबागेत असे पाणी आधीच गेले असेल तर ते लगेच थांबवा आणि मातीचा नमुना तपासून घ्या. जिप्सम किती टाकायचे ते अहवाल पाहूनच ठरवा.