धातूच्या पोटातला हायड्रोजन

अपघटन अभिक्रिया शिकवताना आपण चुनखडीचं उदाहरण देतोच. जोडीला मॅग्नेशियम हायड्राइडही सांगा. या पदार्थात वजनाच्या सुमारे ७.६ टक्के हायड्रोजन असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापवला की हायड्रोजन वायू सुटतो, मागे मॅग्नेशियम उरतं. अभिक्रिया उष्माग्राही आहे. उष्णता देणं थांबवलं की पदार्थ थंड होतो आणि वायू सुटणंही थांबतं.

मग गाड्यांत हे का वापरत नाहीत? एवढी उष्णता आणायची कुठून! लँथॅनम-निकेलचं हायड्राइड खोलीच्या तापमानालाही वायू सोडतं, पण त्यात हायड्रोजन जेमतेम १.४ टक्के. म्हणजे १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे ७० किलो धातू वाहायचा. पाणबुडीला वजन चालतं, म्हणून जर्मनीच्या '२१२ ए' पाणबुड्यांत हायड्रोजन हायड्राइडमध्येच साठवतात.

मुलांना विचारा: साठा जास्त हवा, की सुटका सोपी?