दोन बोटांच्या गोष्टीपलीकडचा जँगो

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव निघालं की आधी त्याच्या डाव्या हाताची गोष्ट निघते. १९२८ साली पॅरिसच्या वेशीवर, तो राहत असलेल्या जिप्सी गाडीत सेल्युलॉइडच्या कृत्रिम फुलांनी पेट घेतला. त्यात हात भाजला, अनामिका आणि करंगळी आखडली. अठरा वर्षांच्या त्या पोराने मग उरलेल्या दोन बोटांवर आपलं वादन नव्याने उभं केलं. गोष्ट खरी आहे, पण तिने त्याचं नुकसानही केलं आहे. गती कशी आली एवढंच ती सांगते. तो काय वाजवत होता, याकडे मात्र लक्ष जात नाही. माझ्या मते जँगो मुळात रचनाकार होता आणि त्याच्या कारकिर्दीचा १९३९ नंतरचा, उताराचा म्हणून बाजूला टाकला जाणारा भागच याचा खरा पुरावा आहे.

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर उभं राहिलेलं ‘हॉट क्लब द फ्रान्स’चं पंचक बिनड्रमचं होतं. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि डबल बास. ताल धरायचा तो साथीच्या दोन गिटारींनी. १९३७ च्या ‘मायनर स्विंग’मध्ये मूळ धून अगदी जुजबी, पुढच्या उत्स्फूर्त वादनासाठी घातलेला तो निव्वळ मांडव. आता तिच्याशेजारी १९४० चं ‘न्युआज’ ठेवून ऐकावं. युद्ध सुरू झालं तेव्हा ग्रापेली लंडनलाच राहिला, जँगो पॅरिसला परतला, आणि व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आलं. ‘न्युआज’ची धून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरत येते, खालचे कॉर्ड तिला सरळ घरी येऊ देत नाहीत. इथे गतीला फारसा वावच नाही. दोन बोटांचा चमत्कार बाजूला काढला तरी ही रचना शाबूत राहते. रोमा समाजाची नाझी वंशहत्या चालू असताना व्याप्त पॅरिसने एका रोमा कलावंताची ही धून डोक्यावर घेतली, हा विरोधाभास वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ज्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती त्याला रचनाकार कसं म्हणायचं? रोमा समाजासाठी त्याने योजलेला ‘मास’ (चर्चमधल्या उपासनेसाठीची संगीतरचना) अपुराच राहिला, आणि जे उतरलं तेही क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेकने त्याच्या सांगण्यावरून लिहून घेतलेलं. पण बंदिशी कंठातून कंठात जपणाऱ्या परंपरेतल्या श्रोत्याला तरी या आक्षेपाने अडवू नये. कागद दुसऱ्याचा असला तरी कोणता स्वर कुठे हवा हे जँगोच ठरवत होता. (रोमांचे पूर्वज उत्तर भारतातून गेले असं भाषाशास्त्र सांगतं, म्हणून त्याच्या वादनात राग शोधायचा हौशी उद्योग मात्र करू नये. त्याने ऐकलं ते पॅरिसचं म्युझेट नृत्यसंगीत, आर्मस्ट्राँग, एलिंग्टन आणि देब्युसी.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९४६ चा अमेरिका दौरा फसला, कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री तो उशिरा पोचला, आणि पुढे विद्युत गिटारीवर त्याचा जुना लाकडी नाद हरवला. तिन्ही गोष्टी मान्य. मात्र त्या दौऱ्यात एलिंग्टनच्या वाद्यवृंदासमोर तो पाहुणा वादक होता. तिथल्या अपयशावरून त्याची रचनाशक्ती मोजता येत नाही. ती मोजायला जानेवारी १९५३ मधलं ‘आनूमान’ आहे. तोवर त्याने बीबॉप पचवलं होतं, पॅरिसच्या तरुण वादकांत तो बसू लागला होता. या तबकडीत त्याने धून सरळ ह्युबेर फोलच्या आल्टो सॅक्सोफोनकडे सोपवली आहे. केवळ बोटांच्या करामतीवर जगणारा वादक आपली सर्वांत सुंदर धून दुसऱ्याच्या हाती देणार नाही. त्याच वर्षी १६ मे रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. आज ‘जिप्सी जॅझ’ या नावाखाली जगभर बहुतेक गिरवलं जातं ते तीसच्या दशकातलं पंचक, तेच वाद्य, तोच ठेका. आणि त्या साच्यातून जँगो स्वतः मृत्यूच्या तेरा वर्षं आधीच बाहेर पडलेला होता.