पाहुण्याची नजर

श्रावण सरून भाद्रपद लागला की पुण्या-मुंबईच्या नोकरदार माणसाला रविवारला जोडून एखादी रजा टाकण्याची आणि कुठल्या तरी अपरिचित ठिकाणी जाऊन येण्याची ओढ लागते. गेल्या काही वर्षांत ही ओढ अनेकांना साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कासच्या पठाराकडे नेते. क्षितिजापर्यंत पसरलेल्या जांभळ्या-पिवळ्या गालिच्यांची छायाचित्रे त्याने आधीच पाहिलेली असतात. प्रत्यक्षात समोर येते ते धुके, बोचरा वारा, ओला काळपट कातळ आणि गवतात दडलेली नखाएवढी फुले. ‘एवढेच का?’ हा पुष्कळांचा पहिला उद्गार असतो.

या उद्गाराबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. माणूस परक्या ठिकाणी जातो तेव्हा आपले मोजमाप बरोबरच नेतो. शहरातल्या बागेत फूल माणसाच्या डोळ्यांपर्यंत उंचावून ठेवलेले असते; कासला माणसाला फुलापर्यंत वाकावे लागते. जो वाकतो त्याला दिसते की ज्याला आपण चिमुकले निळे फूल समजलो, ती ‘सीतेची आसवे’ नावाची कीटकभक्षी वनस्पती आहे. जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम, त्यातला कस धुवांधार पावसाने वाहून गेलेला. म्हणून ही वनस्पती किडे पकडून आपली उणीव भरून काढते. शेजारचा ‘दवबिंदू’ही त्याच पंथाचा. जिथे मोठा वृक्ष मूळ धरू शकत नाही, तिथे सपुष्प वनस्पतींच्या शेकडो जातींनी संसार थाटला आहे. हे सौंदर्य विपुलतेचे नाही, अभावाशी केलेल्या तडजोडीचे आहे.

पाहुण्याची नजर आणखी एका बाबतीत फसते. पठारावर गुरे चरताना दिसली की फुलांचा नाश होतो, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत कासचाही समावेश होता. त्यानंतर गर्दी वाढली आणि तुडवली जाणारी फुले वाचवण्यासाठी कुंपण घालण्यात आले. हेतू चांगलाच होता. पण कुंपणाने माणसांबरोबर गुरेही अडवली. चराई थांबताच उंच गवत माजले आणि ठेंगण्या फुलझाडांचा प्रकाश हिरावला गेला, असे निरीक्षण अभ्यासकांनी मांडले; पुढे कुंपण हटविण्याची पाळी आली. ज्या गुराख्याला आपण या दृश्यातला व्यत्यय मानले, तो त्या दृश्याचा एक कर्ता होता!

या अनुभवाचा अर्थ कासपुरता मर्यादित नाही. आपल्या प्रवासवर्णनांत ‘निसर्गरम्य’, ‘शांत’, ‘अस्पर्श’ ही विशेषणे सढळ हाताने वापरली जातात. परंतु सह्याद्रीतला क्वचितच एखादा भाग खरोखर अस्पर्श आहे. त्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे हात लागले आहेत. ते हात पाहुण्याला दिसत नाहीत, इतकेच. आणि न दिसलेल्या हातांचा विचार न करता धोरणे आखली गेली की त्यांचा भार त्याच हातांवर पडतो.

मग शहरवासीयाने घरीच बसावे काय? मुळीच नाही. घराबाहेर न पडणाऱ्याची अज्ञाने तर अधिक घट्ट असतात. शिवाय आसपासच्या गावांतील माणसांना या हंगामाने थोडाफार रोजगारही दिला आहे. अपेक्षा एवढीच, की पहिल्या दृष्टिक्षेपात झालेले मत त्याने अंतिम मानू नये. सहल नेणाऱ्या शिक्षकाने मुलांकडून ‘काय पाहिले’ एवढाच निबंध लिहून न घेता ‘कोणाला काय विचारले’ हेही लिहून घ्यावे. पठारावर उभ्या असलेल्या गावकऱ्याकडे वाट विचारण्यापलीकडे जाऊन पावसाळ्याबद्दल, गुरांबद्दल, गवताबद्दल चार शब्द विचारणाऱ्या पाहुण्याची रजा खऱ्या अर्थाने कारणी लागली, असे म्हणता येईल.