ग्वातापे : रंगीत भिंती आणि बुडालेला शेजार

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत, मेदेयीन शहराच्या पूर्वेस सुमारें ८० किलोमीटरांवर, ग्वातापे हें सरोवराकांठचें लहानसें गांव आहे. तेथें पोंचलेल्या प्रवाशाची दृष्टि प्रथम सरोवराकडे न जातां घरांच्या जोत्यांकडे जाते. भिंतींचा कमरेइतका भाग उठावाच्या चित्रांनीं भरलेला व गडद रंगांनीं रंगविलेला असतो. कोठें मेंढरूं, कोठें फुलें, कोठें घरधन्याचा धंदाच. या पट्टीस ‘सोकालो’ म्हणतात. पावसाच्या शिंतोड्यांपासून भिंत वांचवावी, हा तिचा साधा उपयोग. विसाव्या शतकाच्या आरंभीं तिला हें चित्ररूप आलें.

सरोवर मात्र निसर्गानें दिलेलें नव्हे. विजेकरितां १९७० च्या दशकांत नारे नदी अडविण्यांत आली आणि १९७८ सालीं शेजारचें जुनें एल पेन्योल गांव पाण्याखालीं गेलें. रहिवाशांना नवें गांव बांधून मिळालें. जुन्याची खूण म्हणून पाण्यांत एक उंच क्रूस उभा आहे. नौकाविहार चालतो तो या गांवावरून.

जवळच सुमारें २०० मीटर उंचीचा एकसंध खडक असून त्याच्या उभ्या भेगेंत सहाशेंहून अधिक पायऱ्या बसविल्या आहेत. त्यावर दोन्ही गांवें हक्क सांगतात. ग्वातापेकरांनीं एकदां आपल्या गांवाचें नांव त्यावर पांढऱ्या रंगानें लिहावयास घेतलें. गांव गमावलेले पेन्योलकर खडकहि कसा सोडतील? त्यांनीं काम बंद पाडलें. पहिलें अक्षर पुरें व दुसरें अर्धें, असें तें नांव खडकावर तसेंच राहिलें आहे.